ताशी चाळीस

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते, कारण बरी नसलीस तरी तू काही कळवणार नाहीस. मावशीला माझा नमस्कार सांग. तिचा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हणावं तिला. ऐकणार नाहीच, पण मी म्हटलं एवढं तिच्या कानावर घाल.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. कॉलेज सुटल्यापासून एवढं हाताने लिहायची वेळ आली नव्हती, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. कचेरीत माझा संबंध फक्त आकड्यांशी.

इकडे सगळं ठीक आहे. हे अजून घरीच आहेत. डॉक्टर म्हणतात, पाठ धरली आहे तोवर ट्रक चालवायचं नाव काढायचं नाही, अजून दोन महिने तरी. दिवसभर पडून पडून त्यांना छतावरचा प्रत्येक ओलीचा डाग पाठ झालाय. परवा म्हणाले, खिडकीजवळचा डाग बोटभर वाढला. मी म्हटलं, निदान घरात काहीतरी वाढतंय. हसले बिचारे, आणि हसल्यामुळे पाठीत कळ आली.

लॉन्ड्रीची बातमी म्हणजे राज्याचा नवा अहवाल आला. खासगी क्षेत्रातल्या कामगारांना तासाला सरासरी किती मजुरी मिळते, त्याचा. साहेबांनी त्यातलं एक पान काचेत बसवून दारापाशी लावलंय. राज्याच्या सरासरीखाली लाल शाईने आपल्या इस्त्रीखान्याचा आकडा लिहिलाय, आणि तो सरासरीच्या वर आहे. येणारे-जाणारे थांबून बघतात. काल इस्त्रीवाली लांबडी त्याच्याखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "वाचून दाखव गं जरा. आम्ही किती श्रीमंत झालोय ते आम्हालाही कळू दे." सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार?

तुझ्या टेबलावर कोणी टिकत नाही. दोन आल्या, दोन गेल्या. दुसरी तर दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन बाहेर गेली ती परत आलीच नाही, तिची ओढणी अजून खुंटीला आहे.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी साहेबांनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली, म्हणजे तूच समज. म्हणाले, बहिणीला सांग, कामगार कचेरीतली तक्रार मागे घ्यायची. तुझी अडकवून ठेवलेली मजुरी देतील. परत कामावर घेतील, आणि तेही इस्त्रीला नाही, देखरेखीला. वर म्हणाले, झालं गेलं मी विसरलो, तिनेही विसरावं.

ताई, मला वाटतं तू ऐकावंस. तीन मार्चला सुनावणी. तिथे त्यांचा वकील असणार, तू एकटी. दोन शब्द वर-खाली झाले की माणूस अडकतो. तू तापट आहेस. त्या दिवशी यार्डात जशी बोललीस तशी तिथे बोललीस तर? झाकली मूठ राहू दे की. लॉन्ड्रीत कामावर यायला नको वाटत असेल तर येऊ नकोस, पण पैसे तरी घे. मावशीच्या खोलीच्या दारात इस्त्रीचं टेबल मांडून कितीसं सुटतं ते मला माहीत नाही असं समजू नकोस.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझी,
मुंगी

*

ता. १८ फेब्रुवारी, मंगळवार

ती. ताईस,

तुझं कार्ड काल मिळालं. चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की यांनी विचारलं, कार्डात आहे तरी काय एवढं? मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचून ते परत माझ्या हातात ठेवलं.

तू लिहिलंयस : "मुंगे, तुझ्यावर राग होता, आता नाही. तू भ्यालीस, लहान आहेस, नोकरी नवी होती. तू सुनावणीला येऊ नकोस, साहेबासमोर तुला उभं करायचं नाहीये मला. मी मूळ फॉर्म मागवायला लावलाय, खाडाखोड दिसेलच, दुधाचं दूध पाण्याचं पाणी होईल."

ताई, मी एकोणतीस वर्षांची आहे. तुझ्यासाठी मी कधी मोठी होणारच नाही का?

मूळ फॉर्म मागवल्याचं मला ठाऊक होतं. लॉन्ड्रीचं टपाल मीच फोडते. आकडेवारी खात्याच्या कचेरीतून तो सरळ सुनावणीला जाणार. ते पत्र हातात आलं तेव्हा मी ते फायलीला लावलं, उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. का, ते विचारू नकोस.

तू म्हणशील, ही असं अर्धवट का लिहिते? मग सगळं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे आपल्या दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट राहील.

मला लॉन्ड्रीत कारकून म्हणून चिकटून तीन महिने झाले होते. तुझ्या शब्दावर मिळालेली नोकरी, अजून कायम व्हायची होते. राज्याचा फॉर्म आला. किती कामगार, महिन्याला एकूण किती मजुरी दिली, एकूण किती तास काम झालं. मजुरीला तासांनी भागायचं की ताशी मजुरी. धुलाईवाल्यांचं सोपं होतं, त्यांचे तास हजेरीपुस्तकात असतात. पण इस्त्रीखान्याला पैसे नगावर. चादर झाली की एक खूण. तास कोण मोजतो? खात्यात फोन केला तर तिथला बाबू म्हणाला, "घड्याळ लावून एखादीचे नग मोजा बाई, तासाला किती होतात तो आकडा फॉर्मवर लिहा, आणि त्यावरून तास काढा. सगळीकडे असंच करतात."

मग मी घड्याळ घेऊन इस्त्रीखान्यात आले आणि सरळ तुझ्या टेबलापाशी उभी राहिले. आत्याबाईंपाशी उभी राहू शकले असते, लांबडीपाशी राहू शकले असते. पण त्यांच्याशी बोलायची माझी हिंमत नव्हती. आणि खरं सांगू? मला तू काम करताना बघायची होतीस. इतकी वर्षं तू कामावरून घरी यायचीस तेवढीच मी बघितली होती.

तू मान वर केली नाहीस. चादर ओढायची, चौपट, इस्त्री, उलट, इस्त्री, थप्पी. बायका म्हणायला लागल्या, बघा बघा, मेलगाडी सुटली. तुला तिथे मेलगाडी म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तासाला एकेचाळीस झाल्या. तू तांब्याभर पाणी उभ्याने प्यायलीस. मला बाजूला घेऊन म्हणालीस, "हे लिहू नकोस हं. तू बघत होतीस म्हणून पळाले. पंचवीस लिही. पंचवीससुद्धा चांगल्या दिवशीच होतात."

मी हो म्हटलं.

पुढचं तुला माहीतच आहे. साहेबांनी फायलीतली फॉर्मची नक्कल बघितली, ताशी चाळीस. म्हणाले, चाळीस होतात आणि तुम्ही इतके दिवस पंचवीसवर रमतगमत करत होतात? नगाचा भाव बंद केला, दिवसाचा ठरीव रोज लावला. तीनशे वीस चादरींचा एक रोज, म्हणजे कागदावर आठ तास. पैसे तेवढेच जे आधी अडीचशे चादरींना मिळत. आठ तासांत होवोत नाहीतर तेरा तासांत, हजेरीत आठच. बायका तुझ्यावर उलटल्या, महिनाभर धुसफुसल्या. बहिणीसमोर मिरवायला पळाली, आणि आमच्या गळ्यात बांधलं, असं शेवटी एक दिवस तुझ्या तोंडावर बोलल्या. तू त्यांना म्हणालीस, माझ्या बहिणीने पंचवीस लिहिले होते, साहेबाने चाळीस केले. आणि तडक यार्डात जाऊन साहेबांनाही तेच बोललीस, सगळ्यांसमोर, खोटारडा म्हणालीस.

त्यांनी मला बोलावलं. "मी काही बदललंय का?" मी म्हटलं, "नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मग आत जाऊन तू चप्पल घातलीस आणि गेलीस. खोटा आरोप केला म्हणून दुसऱ्या दिवशी तुझं नाव कटलं.

आता तो कागद उगाळून काय मिळणार आहे, ताई? मी परत सांगते, तक्रार मागे घे. निदान कागदाचं तेवढं काढून टाक. बायकांचे जादा तास, त्यांचे पैसे, ते सगळं बोल. फॉर्मचं बोलू नकोस. माझ्यासाठी म्हणून ऐक. कारण विचारू नकोस.

तुझी,
मुंगी

*

ता. २६ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

नमस्कार, तब्येत, मावशीचा गुडघा, सगळं आज राहू दे.

काल तुझं दुसरं कार्ड आलं. तू लिहिलंयस की फॉर्मचं बोलणारच, उलट तेच पहिलं बोलणार. बारा बायकांनी अर्जावर सह्या-अंगठे दिलेत ते तुझ्या शब्दावर, आणि साहेब खोटारडा आहे हे एकदा कागदावर दिसलं की बाकीचं आपोआप खरं ठरेल. शपथेवर सांगणार आहेस की फॉर्मवर पंचवीस होते आणि ते खोडून साहेबाने चाळीस केले.

खाली लिहिलंयस, "मला माझ्या मुंगीची खात्री आहे."

ताई, त्या फॉर्मवर खाडाखोड नाही. स्वच्छ निळ्या शाईत चाळीस आहे. माझ्या अक्षरात. तू शिकवलेला चार, वरून उघडा.

मी लिहिलं ते. साहेबांनी काही बदललं नाही. साहेबांनी मला सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी ते गावातच नव्हते. कुणी धमकावलं नाही, कुणी खुर्ची दिली नाही, काही नाही. मी यार्डात "नाही" म्हटलं ते तुला भित्रेपण वाटलं. तेवढंच एक मी खरं बोलले होते.

बघ, लिहिलं. दोन पत्रं झाली तरी लिहवत नव्हतं. पहिल्या पत्रात मी तुला तक्रार मागे घे म्हटलं ना, ते तुझ्या काळजीने नव्हतं. साहेब पैसे देतो म्हणाला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी केबिनबाहेर आल्यावर भिंतीला टेकले. वाटलं, सुटले. तू सुटलीस असं नाही वाटलं. मी सुटले.

आता का ते सांगते. तुला पटावं म्हणून नाही. तू सुनावणीत उभी राहशील तेव्हा तुला सगळं माहीत असावं, म्हणून.

तुझ्या टेबलावरून मी जागेवर परत आले आणि आधी पेन्सिलीने पंचवीसच लिहिले. देवाशपथ. मग भागाकार केला. आपण दोघी लहानपणापासून पैसे चहाच्या कपांत मोजतो तसं सांगायचं तर उत्तर आलं, तासाला तीन कप. मी दोनदा केला, तरी तीनच. मागच्या अहवालात राज्याची सरासरी होती साडेतीन.

ताई, माझी कॉलेजची फी, माझा चष्मा, त्या निळ्या पट्ट्यांचे बूट जे मी रडून घ्यायला लावले, सगळं तासाला तीन कपांतून आलं. मला कधी हिशोब करावासा वाटला नव्हता. तू पैसे आणायचीस, मी घ्यायचे. आणि त्या दिवशी ते उत्तर कागदावर माझ्याकडे बघत बसलं. मला ते राज्याला पाठवायची लाज वाटली. तुझी की माझी, अजून ठरवता येत नाही.

हे अर्धं झालं. तू म्हणशील, वेडी पोर, आणि माफ करशील. म्हणून उरलेलं अर्धंही वाच. मला वाटलं, सरासरीच्या खाली आकडा गेला की वरून तपासणी येईल, साहेब विचारतील कुणी लिहिलं, आणि माझी नोकरी कायम व्हायची राहील. एकेचाळीस तर मी डोळ्यांनी बघितले होते. एक कमी करून चाळीस लिहिले. तासाला जवळजवळ पाच कप. वाटलं, एक कमी केला म्हणजे प्रामाणिकपणाच झाला. पेन्सिलीचं रबराने पुसलं, शाईने लिहिलं, पाकीट बंद केलं, आणि संध्याकाळी तुला सांगितलं, पंचवीस लिहिले गं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. महिन्याने मी कायम झाले. तू बसस्टॉपवर उभ्या उभ्या चारचौघांना सांगितलंस, माझी धाकटी कायम झाली.

साहेब काही साधुपुरुष नाही. तीनशे वीसचा रोज त्याने लावला. तेरा तासांचे आठ त्याने केले. खऱ्या तासांनी भागलं तर बायकांना आता सव्वादोन कप पडतात, आणि दारातल्या काचेत अजून आपण सरासरीच्या वर आहोत. ते पाप त्याचंच. पण चाळीस हा आकडा त्याच्या हातात मी दिला.

काल संध्याकाळी माझं काम संपल्यावर मी इस्त्रीखान्यात गेले. तुझ्या टेबलावर उभी राहिले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि चादर ओढली. बायकांना वाटलं साहेबाने पाठवलंय. तासाभरात माझ्या अकरा झाल्या. त्यातल्या दोन आत्याबाईंनी न बोलता उचलल्या आणि परत केल्या. लांबडी म्हणाली, "हिला तर रोज पुरा करायला परवा उजाडेल." तिच्या उजव्या हाताला अजून पट्टी आहे. गेल्या आठवड्यात बाराव्या तासाला डोळा लागला आणि पंजा तापलेल्या इस्त्रीखाली गेला. मी तुला ते कळवलं नव्हतं. हेही कळवलं नव्हतं.

मग मी त्यांना सांगितलं. इस्त्री हातात होती म्हणून सांगता आलं, हात रिकामे असते तर पळाले असते. म्हटलं, ताईने पंचवीस लिहायला सांगितलं होतं, चाळीस मी लिहिले, ताईला खोटं मी सांगितलं.

मला वाटलं मारतील. वाफेचा तेवढा आवाज. मग लांबडी म्हणाली, "तिला आम्ही महिनाभर आमच्यात जेवायला बसू दिलं नाही. जिन्यावर बसून खायची. तुला दिसत नव्हतं?"

दिसत होतं, ताई. माझ्या खिडकीतून तो जिना समोरच दिसतो. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. उन्हाचा त्रास होतो असं शिपायाला सांगायचे.

आत्याबाई इस्त्री बाजूला ठेवून एवढंच म्हणाल्या, "मग आता सोमवारी काय?"

तेच लिहायला बसलेय. सोमवारी काय होईल ते मी साहेबांच्या वकिलाच्या तोंडून ऐकलंय. फायली द्यायला गेले होते, तो फोनवर हसत होता. त्याला फॉर्म कसा आहे ते ठाऊक आहे, आपल्या फायलीत त्याची नक्कल आहे. तो तुला आधी शपथेवर बोलू देणार. साहेबाने आकडा बदलला असं तू म्हणालीस की मग मूळ कागद पुढे ठेवणार आणि विचारणार, हे अक्षर कुणाचं? तू बघताक्षणी ओळखशील. आणि तिथे उभ्या उभ्या तू खोटी ठरशील, आणि तू खोटी ठरलीस की जादा तास खोटे, लांबडीचा हात खोटा, बारा बायका खोट्या. सगळं एका आकड्यापायी.

माझी खरी भीती पुढची आहे. मी तुला ओळखते. अक्षर ओळखलंस तरी तू म्हणशील, नाही, हे माझ्या बहिणीचं अक्षर नाही. शपथेवर म्हणशील. शाळेत फळा मी फोडला तेव्हा तू आत जाऊन बाईंना म्हणाली होतीस, मी फोडला, आणि हातावर पट्ट्या घेतल्या होत्यास. वय काय होतं तुझं? शाळासुद्धा सुटली होती तुझी, फक्त मला न्यायला आली होतीस.

म्हणून मी तुला न विचारता एक गोष्ट केली आहे. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. सगळं खरं लिहून, सही करून, आज सकाळी रजिस्टर पोस्टाने सुनावणीच्या अधिकाऱ्यांना पाठवलं. कुणाला किती वेळात किती चादरी होतात ते आत्याबाईंनी आणि आणखी दोघींनी सांगितलं, तेही लिहिलं. पंचवीस, बावीस, सव्वीस. पाकीट पोस्टात द्यायला हे गेले. मी त्यांना रात्री सगळं सांगितलं होतं. आधी म्हणाले, घरात तुझा एकटीचा पगार आहे. मग बराच वेळ छताकडे बघत होते. सकाळी उठून काठी घेतली, म्हणाले, दे इकडे, तू गेलीस तर पोस्टाच्या दारातून परत येशील. आपला नवरा आपल्याला किती ओळखतो ते अशा वेळी कळतं.

साहेबांना अजून माहीत नाही. सोमवारी कळेल. त्यानंतर माझी नोकरी जाणार यात शंका नाही. सरकारी कागदावर खोटं लिहिलं म्हणून आणखीही काही होईल, काय ते मला नक्की माहीत नाही. मला भीती वाटते, ताई. नोकरी गेली तर आम्ही दोघं काय खाणार, घरभाडं कुठून देणार, काही सुचत नाही. रात्रभर डोक्यात तेच. पण तू शपथेवर खोटं बोलताना मला बघायचं नाहीये. ते मला सहन होणार नाही.

तुला काय बोलायचं ते नीट वाच. शपथ घेतल्यावर साहेबाने आकडा बदलला असं म्हणू नकोस. म्हण, माझी बहीण तिथे कारकून आहे, तिने मला पंचवीस लिहिले असं सांगितलं, म्हणून मी साहेबांना खोटारडे म्हणाले, ते बोलणं चुकलं, पण मला फसवलं गेलं होतं. एवढंच. मग तू खोटा आरोप करणारी राहत नाहीस. खोटं माझ्याकडे येतं, जिथलं आहे तिथे. आणि मग जादा तासांचं बोल. बायका येणार आहेत, सगळ्या बाराजणी. एक दिवसाचा रोज बुडवून. लांबडीने मला निरोप द्यायला सांगितलाय. तिच्या शब्दांत देते : "मेलगाडीला म्हणावं, आमच्या शेजारी बैस."

मला शिव्या दे, माझं तोंड बघू नकोस, आयुष्यभर बोलू नकोस. ते सगळं माझ्या वाट्याचं आहे, मी घेईन. माफ कर असं मी लिहीत नाहीये, कारण तू करशील, आणि माफ केलंस की मला पाठीशी घालशील. तुझं दोन्ही एकदमच येतं.

सोमवारी अकरा वाजता मी तिथे असेन. अधिकारी कागद दाखवून तुला विचारतील, हे अक्षर कुणाचं. मी समोरच्या बाकावर बसलेली असेन आणि तुला दिसेन. माझा चेहरा कसाही झालेला असला तरी तिकडे बघू नकोस.

माझं नाव सांग, ताई. या एका वेळी मला वाचवू नकोस.

धाकटी